तांबडीच्या डाव्या अंगाला

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. दूध उतू गेलं, टेंपोची किल्ली जागेवर नसली, नुकत्याच पुसलेल्या लादीवरून कुणी चिखलाचे पाय घेऊन चाललं, की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. नवरा म्हणतो, पळसदरी स्टेशनावरची सूचना एक वेळ ऐकू येणार नाही, पण तुझं शिळफाट्यापर्यंत ऐकू येतं. म्हणू दे. पण घरामागचं कुंपण ओलांडून मी शेतात शिरले की आवाज खाली. तिथे मी लोकांना घोड्यावर बसायला शिकवते, आणि तिथे ओरडायचं नाही हा माझाच नियम आहे. ओरडून घोडं शिकत नाही. ते घाबरून ऐकतं, आणि घाबरून ऐकणारं जनावर आज ना उद्या तुम्हाला पाडतं.

माझं माहेर माथेरानचं. आमच्याकडे घोडी होती म्हणजे काय, घोड्यांवरच घर चालायचं. लग्न होऊन खाली आले ती भातशेतीवाल्यांच्या घरात. सासरी बैल होते, पुढे बैल गेले आणि टेंपो आला. मग आजूबाजूला फार्महाऊसं उभी राहिली, आणि शनिवार-रविवार येणारी माणसं विचारायला लागली की माथेरानच्या आहात तर घोडं नाही का तुमच्याकडे. मी वरून एक म्हातारं पांढरं घोडं उतरवून आणलं. चार लोक हसले. भात काढून झाल्यावर मोकळं राहणारं मागचं शेत मी कुंपण घालून कायमचं घोड्याला दिलं, तेव्हा सासऱ्यांनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता. नंतर तेच संध्याकाळी घोड्याला गूळ द्यायला जायचे.

माझ्या शिकवण्याची गंमत अशी की पहिल्या दिवशी मी कुणाला बसूच देत नाही. आधी खरारा करा, अंगावरून हात फिरवा, त्याच्याबरोबर उगाच शेतात एक फेरी मारा. लोक वैतागतात. पनवेलहून एक बँकेतल्या बाई यायच्या, त्यांना भलती हौस आणि भलतीच भीती. घोड्यावर बसल्या की श्वास रोखून धरायच्या. वरच्या माणसाने श्वास धरला की खालचं घोडं समजतं, काहीतरी वाईट येतंय. मग तेही आखडतं. बाईंना श्वास घ्या, श्वास घ्या म्हणून उपयोग होईना. शेवटी मी म्हटलं, बाई, पाढे म्हणा. तेराचा म्हणा. तेराचा पाढा म्हणणाऱ्या माणसाला श्वास घ्यावाच लागतो, आणि भ्यायला डोक्यात जागा उरत नाही. बाई तेरा सक्कं अठ्ठ्याहत्तरला आल्या तेव्हा घोडं शेताच्या पलीकडच्या टोकाला पोचलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे कुणी घाबरलं की पाढे. शेजारचे म्हणतात, इथे घोडा कमी आणि शाळा जास्त.

हे सगळं सांगितलं कारण पुढे माझ्याकडे जो विद्यार्थी आला, त्याच्यापुढे पाढेही चालेनात. तो माझा सख्खा मोठा भाऊ.

दादाने जन्मभर माथेरानला घोडी चालवली. चालवली म्हणजे शब्दशः. गिऱ्हाईक वर बसलेलं, आणि दादा खाली, घोडीच्या डाव्या अंगाला, हातात दोर. सकाळी एका पॉइंटला, दुपारी दुसऱ्या, लाल मातीतून चढायचं, उतरायचं, आणि वर तोंडाने अखंड माहिती द्यायची. हा डोंगर बघा, तो किल्ला बघा, इथे फोटो छान येतो. हजारो माणसांना त्याने घोड्यावर बसवलं. स्वतः मात्र कधी बसला नाही. इतर घोडेवाले संध्याकाळी रिकाम्या घोड्यावर मांड टाकून घरी जात. दादा चालत. म्हणायचा, दिवसभर लोकांना वाहते, घरी जाताना तरी तिची पाठ मोकळी राहू दे.

अशाने गुडघे किती टिकणार? विसावा घोडीच्या पाठीला मिळाला आणि झीज ह्याच्या गुडघ्यांची झाली. कर्जतच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की आता चढउतार बंद, लांब चालणं बंद. वहिनी जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक आपल्या घरी सुखात. दादा वर एकटा राहून करणार काय? पाऊस सरत आला तशी मी त्याला दटावून खाली घेऊन आले. तो एका अटीवर आला. त्याची तांबडी घोडीही बरोबर येणार, पण थोड्याच दिवसांसाठी. वरच्या आपल्या एका जोडीदाराला त्याने शब्द दिला होता की दिवाळीचा सीझन लागायच्या आधी ये आणि घोडी घेऊन जा. चालता येत नाही त्या माणसाने घोडी ठेवायची कशाला, असं त्याचं म्हणणं. तोवर डोळ्यांसमोर राहू दे, एवढंच.

तांबडीला खरं नाव नव्हतं असं नाही. उलट फार होती. गिऱ्हाइकांना आवडावं म्हणून दरवर्षी त्या वेळी गाजत असलेल्या हिरोइनीचं नाव तिला मिळायचं. घरात आम्ही तिला तांबडीच म्हणायचो. ती बारीक अंगाची, शहाणी, आणि दादाच्या पावलाला इतकी सरावलेली की तो थांबला की थांबायची, तो खोकला की कान वळवायची. तिला न्यायला तो जोडीदार येईल त्या दिवसापासून दादा आमच्या ओट्यावरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसेल आणि तिथेच हळूहळू संपून जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी रात्री नवऱ्याला तसं बोलूनही दाखवलं आणि रडले. रडून झाल्यावर मला राग आला, आणि राग आला की मला मार्ग सुचतात. चालता येत नाही ना? मग बस म्हणावं तिच्यावर.

पण आधी तांबडीलाच खालचं जग शिकवायचं होतं. वर माथेरानला गाड्यांना बंदीच. दस्तुरी नाक्यावर उभ्या असलेल्या गाड्या तिने लांबून पाहिल्या असतील तेवढ्याच. अंगावरून धावत जाणारी, हॉर्न मारणारी, धूर सोडणारी वस्तू तिच्या आयुष्यात आली नव्हती. पहिल्या दिवशी रस्त्यावरून डंपर गेला आणि ती शेतात गोल गोल पळत सुटली. अशा वेळी लोक काय करतात, तर घोड्याला रस्त्यावर नेऊन उभं करतात, सवय होईल म्हणतात. तिला सवय झाली असती ती फक्त भिण्याची. मी नवऱ्याचा टेंपो अंगणात उभा करायला लावला, इंजिन बंद. त्याच्या मागच्या फळीवर हिरवं गवत ठेवलं आणि तांबडीला मोकळी सोडली. ती लांबून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी जरा जवळ. मग एकदा मान लांब करून एक काडी ओढली आणि मागे पळाली. मी काही केलं नाही, ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. पुढे फळीवर तोंड टाकून निवांत खायला लागली, मग नवऱ्याने इंजिन चालू केलं, मग हळूच हॉर्न. तालुक्यात घोडीच्या परवानगीने हॉर्न वाजवणारा मी एकटाच ड्रायव्हर, असं तो नाक्यावर सांगत फिरला.

मी खूश. आणि इथेच माझा हिशोब चुकला. तांबडी टेंपोला भ्यायची थांबली, पण टेंपो म्हणजे गवत हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. नवरात्राच्या आधी तिला पहिल्यांदा रस्त्याकडेने नेलं, तर वळणावर झेंडूने भरलेला एक टेंपो उभा. मी ओढायच्या आत बाईसाहेबांचं तोंड टोपलीत. ड्रायव्हर चहा टाकून धावत आला. मी माफी मागत होते आणि तांबडीच्या ओठांतून पिवळा हार लोंबत होता. घरी येऊन दादाला सांगितलं तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. खाली आल्यापासून तो पहिल्यांदा हसला होता, म्हणून मला त्या झेंडूचं काही वाटलं नाही. मग टेंपोवरचं गवत बंद केलं. टेंपोकडे न वळता सरळ पुढे गेली तरच माझ्या हातातून गवत, असं नव्याने शिकवावं लागलं. एकदा शिकवलेलं विसरायला लावणं हे शिकवण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि त्याला दुप्पट धीर लागतो.

घोडी तयार झाली. आता दादा.

मी जेवताना सहज विषय काढला, तर तो हसून म्हणाला की म्हातारपणी सर्कशीत जातो काय मी. दुसऱ्यांदा काढला तर म्हणाला, तिला माझं ओझं नको. दादाच्या अंगावर ओझं म्हणण्यासारखं काही नव्हतंच. मी म्हटलं, अरे, एकेक गिऱ्हाईक तुझ्या दुप्पट वजनाचं असायचं. त्यावर त्याने नुसता भाकरीचा तुकडा मोडला. तिसऱ्यांदा मात्र माझा तोल सुटला. दसरा तोंडावर आलेला, जोडीदाराचा फोन येऊन गेलेला. मी म्हटलं, ठीक आहे, दे तिला, मग बस त्या खुर्चीत, मी दोन वेळा ताट आणून देते. बोलले आणि जीभ चावली. दादाने ताटावरून हात बाजूला घेतला. मग खाली बघत म्हणाला, "मला भ्या वाटतं गं बाय. वरून जमीन लय लांब दिसते."

ज्याने हजारो लोकांना 'घाबरू नका, काय होत नाय' असं सांगितलं, त्याच्या पोटात ही भीती पहिल्यापासून होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! दुसरं कुणी असतं तर मी हसले असते. दादाचं ऐकून मला भरून आलं, कारण हे सांगायला त्याला किती जड गेलं असेल ते मला ठाऊक होतं. लहानपणी बापाने त्याला पावसात घोड्याच्या ओल्या पाठीवर उचलून बसवलं होतं आणि ते उधळलं होतं, एवढं त्याने नंतर सांगितलं. बाप रागीट होता. माझा राग कुठून आला ते इथे कळतं.

मी म्हटलं, मग माझ्याकडे शीक. पनवेलच्या बाई शिकल्या तशी. कुठलीही घाई नाही, तू नको म्हणालास की थांबायचं. त्याने उठून हात धुतले, पुसले. मग म्हणाला, "पण वरडायचं नाय."

पहिल्या दिवशी तो बसला नाही, नियम सगळ्यांना सारखा. त्याने खरारा केला. तो तर त्याने जन्मभर केलेला, पण मी करायला लावला. दुसऱ्या दिवशी मी तांबडीला ओट्याला लावून उभी केली, म्हणजे रिकिबीत पाय टाकून चढायला नको. दादा ओट्यावर उभा राहून तिच्या पाठीवर नुसता पोटावर ओणवा झाला, भिजलेली चादर वाळत टाकावी तसा, आणि उतरला. तांबडीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. माझ्या मते तिलाही नवल वाटलं. असे काही दिवस नुसते ओणवे होण्यात गेले. मग एका सकाळी त्याने आपणहून पाय टाकला आणि बसला. चेहरा पांढराफटक, हात आयाळीत गच्च. नवरा दारातून टाळ्या वाजवणार होता, त्याच्याकडे मी असं बघितलं की तो आत गेला.

बसणं जमलं आणि भलतीच अडचण आली. तांबडी चालेना. मी दोर धरून तिच्या डाव्या बाजूने चालले की चालायची. मी दोर सोडून मागे राहिले की जागच्या जागी उभी. टाच लावू नको असं मी दादाला सांगितलंच होतं, त्याने लावलीही नसती. ती उभी राहून डावीकडे मान वळवायची आणि जमिनीकडे बघायची. मला कळेना, हिचं काय हरवलंय. पांढऱ्या घोड्याला पुढे चालवून बघितलं, पलीकडे गवत धरून बघितलं. गवत बघून तिने मान लांब केली, पाय हलवले नाहीत. असेच दिवस जायला लागले, आणि मी दोर धरून चालायचं असेल तर त्याचा काय उपयोग? मला दोन घोडी, शिकणारी माणसं, घरचा स्वयंपाक. रोज दादाच्या घोडीमागे कोण चालणार?

एका सकाळी ती अशीच अडली आणि माझा नियम मोडला. मी शेतात ओरडले. घोडीवर नाही, दादावर. म्हटलं, अरे, असा मुडद्यासारखा काय बसतोस, जरा हल, जरा बोल! तांबडीने कान मागे पाडले. दादाने तिच्या मानेवर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाला की असं बोलणार असशील तर मी उतरतो. वास्तविक मला स्वतःला दोन ठेवून द्याव्याशा वाटत होत्या. राग गिळून मी म्हटलं, बरं बाबा, पाढे म्हण. तो म्हणाला, मला पाढे कुठे येतात, मी शाळेत होतो किती. मग देवाचं म्हण काहीतरी. ते त्याला घोड्यावर बसून बरं वाटेना. वैतागून मी म्हटलं, मग तू गिऱ्हाइकांना सांगायचास ते सांग, ते तरी येतं ना?

तो लाजला. इकडे तिकडे बघितलं, घशात खाकरला, आणि माथेरानच्या त्या खास गाईडी सुरात सुरू झाला, "तर मंडळी, इकडं बगा. डाव्या हाताला हाय आपली विहीर. लय जुनी, उन्हाळ्यात पन आटत नाय..."

तांबडीचा डावा कान उभा राहिला. जमिनीकडे बघत होती ती मान वर आली, कान मागे वळला, वरच्या बाजूला. मग तिने एक सुस्कारा टाकला आणि चालायला लागली.

मी जागच्या जागी उभी. आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही सारी वर्षं तिच्या डाव्या अंगाला एक माणूस चालत होता आणि बोलत होता. पाठीवर कोण आहे याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं, पाठीवर गिऱ्हाईक असतं, ते बदलतं. तिचा माणूस खाली, डावीकडे. तो दिसेना, ऐकू येईना, म्हणून ती त्याला हुडकत उभी राहायची. दादा वर बसून भीतीने मुका झालेला, आणि घोडीला वाटतंय, माझा माणूस गेला कुठे! आम्ही तिघे एका शेतात असून तिघांना वेगवेगळं कोडं पडलेलं होतं.

त्यानंतर आमच्या शेताचं माथेरान झालं. दादा रोज सकाळी तांबडीवर बसून आमच्याच मालमत्तेची सहल काढायचा. हे आंब्याचं झाड, ह्याला आंबे कमी आन् मुंग्या जास्त. ही समोर भिंत, हिला रंग द्यायचं भाऊजी तीन दिवाळ्या म्हणतायत. नवऱ्याला ही माहिती आवडायची नाही. एकदा दादाच्या तोंडून सवयीने 'हा आपला शेणखत पॉइंट' असं निघून गेलं, तर तांबडी करकचून थांबली आणि अंग स्थिर धरून उभी राहिली. पॉइंट म्हटलं की थांबायचं, गिऱ्हाईक फोटो काढणार, हे तिचं पाठ होतं. दादा तिच्या मानेवर आडवा होऊन हसत होता. पडेल म्हणून मी धावले, तर तो हसता हसता आपोआप सावरला. भ्यायचा विसरला होता.

ह्या काळात मी हळूहळू मागे सरकत होते. आधी दोर सोडला पण हात मानेशी ठेवला. मग हात काढून पावलं तिच्या खांद्याशी ठेवली, मग खोगिराशी, मग शेपटीशी. दादा बोलत होता तोवर तिला माझी उणीव भासली नाही. एक दिवस मी कुंपणावर जाऊन बसले आणि दादा शेताच्या पार त्या टोकाला होता. त्याने डावीकडे बघितलं, मी नाही. बोलणं बंद पडलं, घोडी थांबली. मी कुंपणावरून साध्या आवाजात म्हटलं, दादा, विहिरीचं सांगायचं राहिलं. त्याने विहिरीचं सांगितलं. घोडी चालली.

दिवाळीला थोडे दिवस उरले असताना जोडीदाराचा निरोप आला की उद्या खोपोली लोकलने येतो. दादाने काही ठरवलंय का, हे मला माहीत नव्हतं. विचारायची माझी हिंमत नव्हती, आणि हे वाक्य मी आयुष्यात फार कमी वेळा बोलते. घोडी द्यायचा शब्द दिलेला, आणि आमच्या घरात शब्द म्हणजे शब्द. शेतात फिरणं वेगळं आणि आता घोडी आपल्याकडेच राहील म्हणणं वेगळं. सकाळी मी चहा ठेवत होते, तर दादा ओट्यावर खोगीर घेऊन उभा. म्हणाला, त्याला आणायला स्टेशनवर जातो. मी विचारलं, रिक्षा बोलवू? तो म्हणाला, हाय की रिक्षा, आणि तांबडीकडे बोट दाखवलं.

रस्त्यावर तो कधी गेला नव्हता. येऊ नको म्हणाला नाही, पण लांबून ये म्हणाला. मी चपला सरकवल्या आणि मागे मागे निघाले. रस्त्याच्या कडेने तांबडी चालली होती आणि दादा तिला पळसदरी दाखवत होता. हे धरण तिकडं, पावसात इथं लोक भिजायला येतात आन् मोबाईल भिजवून जातात. पुढून एक डंपर आला. तिचे कान उभे राहिले, दादाचा आवाज जरा चढला पण तुटला नाही, डंपर गेला. मग एक टेंपो रस्त्याकडेला उभा दिसला आणि मी मनात म्हटलं, आता झेंडूची पुनरावृत्ती. तांबडीने टेंपोकडे बघितलं. खूप प्रेमाने बघितलं. आणि सरळ पुढे गेली. माझ्या हातात त्या वेळी गवत असतं तर मी भारा घातला असता तिच्यापुढे.

जोडीदार स्टेशनाबाहेर उभा होता. दादाच्याच वयाचा, तसाच काटकुळा, खांद्यावर नवा दोर गुंडाळलेला. घोडी न्यायची म्हणून आणलेला. त्याने आधी तांबडीला ओळखलं, मग वरच्या माणसाला. तोंड उघडं राहिलं. त्या दोघांनी आयुष्यभर शेजारी शेजारी घोडी चालवलेली, आणि दादाला त्याने कधी मान वर करून बघितलं नव्हतं. तो सवयीने पुढे झाला, तांबडीच्या डाव्या अंगाला आला, लगामाला हात घातला आणि तिला घेऊन चालायला लागला. घोडीवर माणूस बसलाय म्हणजे खाली माणूस हवाच, दुसरं त्याला माहीत नव्हतं. मी मागून बघत होते. माझ्या मनात आलं, झालं, आता हा असाच तिला धरून चालत राहील आणि दादा संकोचाने गप्प बसेल.

दादा वाकून म्हणाला, "सोड रं. जाते ती."

जोडीदाराने वर बघितलं. मग हात सोडला. तांबडी थांबलीही नाही. दादा तिला, का आम्हाला, उजव्या हाताच्या डोंगराची माहिती देत पुढे निघाला, आणि जोडीदार मी पोचेपर्यंत तिथेच उभा राहिला. मग आम्ही दोघे मागून चालायला लागलो. बऱ्याच वेळाने त्याने खांद्यावरचा दोर नीट केला आणि मला विचारलं, "म्हंजे मला घोडी नाय?"

मी म्हटलं, नाही. पण जेवून जा. त्याने मान डोलावली. रागावल्यासारखा दिसला नाही. डोळे पुसत होता, आणि मीही काही वेगळं करत नव्हते.

पुढे वळणावर दादाने घोडी थांबवली होती. आमच्याकडे मागे वळून त्याने आवाज दिला, "चला रं पटापट. तुमच्या पायांनी लय उशीर व्हतोय."